करार कॉलेजचा, पदवी मुलीची

नमस्कार मॅडम,

मी कराडहून लिहिते आहे. माझी मुलगी पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश घेतानाच तिनं '३+१+१' हा कोर्स निवडला होता. तीन वर्षं पुण्यात, चौथं वर्ष अमेरिकेतल्या विद्यापीठात आणि त्याला जोडून तिथेच एक वर्षाचं मास्टर्स. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. येत्या ऑगस्टमध्ये तिला जायचं आहे.

गेलं वर्षभर टीव्हीवर जे चाललंय ते बघून आमची झोप उडाली आहे. व्हिसाच्या मुलाखती बंद, मग चालू, मुलांचे व्हिसा रद्द, नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाला एक लाख डॉलर. विद्यापीठातले समन्वयक सर म्हणतात, 'आपला एमओयू आहे, काळजी करू नका.' महिनाअखेरीपर्यंत दोन लाख रुपये भरून जागा पक्की करायची आहे आणि ते पैसे परत मिळत नाहीत. एकूण चाळीस लाखांचं कर्ज लागेल. माझे मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले, त्यामुळे तारण म्हणून राहतं घरच ठेवावं लागेल. धाकटे दीर म्हणतात, पाठवूच नका, परदेशी विद्यापीठं आता नवी मुंबईतच येतायत. माझ्या बहिणीचा मुलगा डॅलसला आहे. तो म्हणतो, 'मावशी, हे सगळं निवळतं, पाठव तिला.' मुलगी काहीच बोलत नाही. दोन घास खाते आणि ताटावरून उठते. परवा तिनं इन्स्टाग्रामवरचं जुनं सगळं पुसून टाकलं. विचारलं तर म्हणाली, 'सगळेच पुसतायत.'

आम्ही काय करावं?

कराडच्या एक आई

*

ताई,

'आपला एमओयू आहे, काळजी करू नका.' तुमच्या पत्रातल्या या वाक्यापाशी मी थांबले, कारण हेच वाक्य मी स्वतः कित्येक आईवडिलांना सांगितलं आहे. पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात मी नऊ वर्षं नोकरी केली. या एमओयूंच्या, म्हणजे सामंजस्य करारांच्या, फायली माझ्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात असायच्या. परदेशी पाहुणे आले की टेबलावर दोन देशांचे छोटे झेंडे, सह्या, शाल-श्रीफळ, फोटो. आणि फायलीत अडीच पानं. विद्यार्थी-प्राध्यापकांची देवाणघेवाण, संयुक्त संशोधन, परस्पर सहकार्य अशी चार-पाच कलमं. पाच वर्षांची मुदत. सहा महिन्यांची नोटीस देऊन कुणीही बाहेर पडावं, असं एक कलम. शेवटी एक ओळ, की या करारानं दोन्ही बाजूंवर कायदेशीर बंधन येत नाही. मुलाची पदवी मध्येच अडकली तर काय, याबद्दल त्या अडीच पानांत अक्षरही नसायचं.

याचा अर्थ मला २०२० च्या ऑगस्टमध्ये कळला. सोलापूरकडचा एक मुलगा त्या वर्षी जानेवारीत सहावं सत्र करायला अमेरिकेत गेला होता. मार्चमध्ये सगळं बंद पडलं तेव्हा मिळेल त्या विमानानं परत आला. उरलेलं सत्र त्यानं घरातून केलं, रात्री दीड वाजता लॅपटॉप उघडून. पाचही विषयांत पास झाला. तिकडची गुणपत्रिका घेऊन तो माझ्यासमोर बसला आणि आम्ही दोघं परीक्षा विभागात गेलो. तिथल्या बाईंनी पेन्सिल घेतली, आमचा अभ्यासक्रम शेजारी ठेवला आणि एकेक विषय ताडून पाहिला. दोन विषयांपुढे बरोबरची खूण केली. तीन विषयांपुढे प्रश्नचिन्ह. 'मॅडम, हे विषय आपल्याकडे नाहीत. जादा म्हणून लिहिता येतील, पण याच्याऐवजी ते धरता येणार नाहीत.' करार होता, झेंड्यांचा फोटो भिंतीवर होता, दोन्हीकडचे लोक चांगले होते. पण कुठला विषय कुठल्या विषयाच्या जागी धरायचा, हे मुलगा जाण्याआधी कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. त्यानं मागच्या बॅचबरोबर बसून तीन पेपर पुन्हा दिले. कॅम्पसमधून मिळालेल्या नोकरीवर रुजू व्हायची तारीख तोवर निघून गेली. त्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघून मी काही बोलू शकले नव्हते.

तेव्हा विषाणू होता, आता धोरण आहे. मुलाच्या बाजूनं प्रश्न तोच राहतो. मधूनच दार बंद झालं तर माझ्या हातात काय उरतं?

तुमच्या लेकीच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर एका शब्दावर ठरणार आहे आणि तो शब्द तुम्हाला विद्यापीठाकडून लेखी मिळवायचा आहे. माहितीपुस्तिकांमध्ये 'ट्विनिंग', 'जॉइंट', 'ड्युअल' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले मी पाहिले आहेत, पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांत त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेचीच असते आणि परदेशात मिळवलेले क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर जमा होणारे श्रेयांक, एकूण क्रेडिटच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. जॉइंटमध्ये दोन्ही संस्थांची मिळून एकच पदवी असते. ड्युअलमध्ये दोन्ही संस्था आपापली वेगळी पदवी देतात आणि किमान ३० टक्के क्रेडिट भारतीय संस्थेत मिळवावे लागतात. जॉइंट आणि ड्युअलमध्ये ज्याला कोर्स पुरा करता येणार नाही, त्याच्यासाठी मधून बाहेर पडायची वाट आखून ठेवणंही संस्थांवर आहे. या तिन्हींत कुठेच न बसणारा चौथा प्रकारही असतो. इथे तीन वर्षं शिका, मग तिकडे बदली घ्या आणि पदवी तिकडचीच घ्या. त्यात इथल्या तीन वर्षांचं स्वतःचं असं प्रमाणपत्र हातात येईलच असं नाही.

तुमचं ३+१+१ बहुधा ट्विनिंग असावं. म्हणजे बीटेक पुण्याची, मास्टर्स तिकडची. बीटेकला साधारण १६० क्रेडिट असतात, त्यातले चौथ्या वर्षाचे चाळीसच्या आसपास तिकडे होतील. ते ३० टक्क्यांच्या आत बसतात, त्यामुळे नियमाच्या दृष्टीनं ठीक. पण मी 'असावं' म्हणते आहे आणि 'असावं'वर घर तारण ठेवता येत नाही. लेकीला कुलसचिवांच्या नावानं एक साधा अर्ज लिहायला सांगा. त्यात एवढंच विचारायचं. हा कोर्स यूजीसीच्या २०२२ च्या नियमांतल्या कोणत्या प्रकारात येतो? बीटेकची पदवी कोण देणार? चौथ्या वर्षाच्या प्रत्येक विषयाच्या बदल्यात तिकडचा कोणता विषय धरला जाईल, त्याचा तक्ता जाण्याआधी सहीनिशी मिळेल का? व्हिसा मिळाला नाही किंवा मध्येच परत यावं लागलं, तर ती पुण्यात सातव्या किंवा आठव्या सत्राला थेट बसू शकेल का आणि कोणत्या फीमध्ये? व्हिसा नाकारला तरी ते दोन लाख बुडणार का?

या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं तोंडी मिळाली तर ती मिळाली नाहीत असं समजा.

परत येऊन शिक्षण पुढे चालू ठेवायचा हक्क लिहून घ्यायचा, ही काही मी काढलेली युक्ती नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तिथून १९१६ मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. त्यांचं पुस्तकांचं सामान ज्या बोटीनं येत होतं ती बोट पाणतीराच्या माऱ्यात बुडाली. पण निघण्याआधी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करायची परवानगी घेऊन ठेवली होती. मधल्या काळात मुंबईला सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये ते परत गेले. एमएस्सी, डीएस्सी, बॅरिस्टरी सगळं पुरं केलं. त्या परवानगीची आठवण मला पालकांशी बोलताना हटकून होते.

आता बातम्यांकडे वळते, कारण त्यांनीच तुमची झोप उडवली आहे. काही गोष्टींची भीती आहे त्यापेक्षा मोठी वाटते आणि काही गोष्टींकडे कुणाचं लक्षच नाही.

२७ मे २०२५ ला अमेरिकेनं विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं थांबवलं आणि १८ जूनला पुन्हा सुरू केलं, पण समाजमाध्यमांची तपासणी आणि खाती सार्वजनिक ठेवायची अट घालून. तीन आठवडे म्हणजे फार नव्हे असं वाटेल. पण ऑगस्टच्या प्रवेशासाठी तेच ऐन मोक्याचे आठवडे असतात आणि मागून तारखा मिळाल्या नाहीत म्हणून कितीतरी मुलांचं सत्र हुकलं. त्याआधी एप्रिलमध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारी यंत्रणेतून एकाएकी काढून टाकल्या गेल्या, काहींच्या तर जुन्या वाहतुकीच्या दंडासारख्या कारणावरून. मुलं कोर्टात गेली आणि महिनाअखेरीस त्या नोंदी पूर्ववत होऊ लागल्या. २२ मे ला हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच काढून घेतला गेला. दुसऱ्याच दिवशी न्यायाधीशांनी त्याला स्थगिती दिली. तिथे सुमारे ६,८०० परदेशी विद्यार्थी होते, एकूण विद्यार्थ्यांच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात श्रीमंत विद्यापीठ स्वतःच्या मुलांना एक रात्र 'काळजी करू नका' म्हणू शकलं नाही. मग तुमच्या समन्वयक सरांनी ते म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

एक लाख डॉलरची बातमी मात्र नीट समजून घ्या. १९ सप्टेंबर २०२५ चा तो आदेश अमेरिकेबाहेरून माणूस आणणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांसाठी होता. जो विद्यार्थी तिथेच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर राहून, शिकून, तिथूनच एच-वन-बीवर बदलतो त्याला ही फी लागू नाही, असा खुलासा त्यांच्या इमिग्रेशन खात्यानं २० ऑक्टोबरला केला. म्हणजे ती रक्कम आज थेट तुमच्या लेकीच्या वाटेत उभी नाही. मुळात एच-वन-बी ही सोडत आहे आणि सोडतीच्या भरवशावर कर्जाचा हिशेब मांडायचाच नसतो. शिक्षणानंतर तिथे काम करायची मिळणारी परवानगी, म्हणजे ओपीटी, एक वर्षाची, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी दोन वर्षं. त्या तीन वर्षांवरच सगळ्यांचे हिशेब उभे असतात. त्यातही सुरुवातीच्या वर्षात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त नोकरीविना राहता येत नाही, हे तुमच्या भाच्याला विचारा, तो सांगेल.

लक्ष न गेलेली गोष्ट ही, की तुमच्या कोर्सला व्हिसा एक लागतो की दोन? चौथ्या वर्षासाठी ती 'एक्स्चेंज विद्यार्थिनी' म्हणून जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर जाणार असेल, तर मास्टर्ससाठी वेगळे कागद, वेगळा आय-२० (एफ-१ साठी तिथलं विद्यापीठ देतं तो कागद), व्हिसाचा प्रकार बदलण्याचा अर्ज किंवा भारतात येऊन पुन्हा मुलाखत. पहिल्यापासून एफ-१ असेल तर तिथल्या तिथे आय-२० पुढे नेता येतो. नेहमीच्या काळात हा कारकुनी तपशील होता. आता प्रत्येक मुलाखत म्हणजे एक फाटक आहे आणि आपल्या वाटेत किती फाटकं आहेत हे आधी मोजून घ्यायला हवं. त्यात भर म्हणून, विद्यार्थ्याला शिक्षण संपेपर्यंत राहू देण्याची जुनी पद्धत काढून ठरावीक मुदत घालायचा प्रस्तावही ऑगस्ट २०२५ मध्ये आला. वरच्या अर्जात हाही प्रश्न घाला.

हे सगळं अमेरिकेपुरतंच आहे असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. कॅनडात सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खासगी कॉलेजात शिकवण्याचे करार होते. प्रमाणपत्रावर सरकारी कॉलेजचं नाव, वर्ग खासगी इमारतीत. आपल्याकडची बरीच मुलं त्यात गेली. १५ मे २०२४ नंतर अशा कोर्सला बसलेल्या मुलांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट बंद झालं. बुडापेस्टच्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीवर हंगेरी सरकारनं २०१७ मध्ये असा कायदा आणला की ते विद्यापीठ अखेर व्हिएन्नाला हललं. युरोपच्या न्यायालयानं २०२० मध्ये तो कायदा चुकीचा ठरवला, पण तोवर वर्ग दुसऱ्या देशात भरत होते. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना मात्र बुडापेस्टमध्येच पदवी पुरी करता आली, कारण तेवढी सोय टिकवून ठेवली होती. आणि युक्रेन तर तुम्हाला आठवतच असेल. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये विमानं भरभरून मुलं परत आली, त्यात आपल्या सातारा-सांगलीकडचीही होती. अर्धवट एमबीबीएस घेऊन ती मुलं महिनोन् महिने घरी बसली. सप्टेंबरमध्ये आपल्या वैद्यकीय आयोगानं एक वाट मान्य केली. दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात पुढचं शिका, पदवी मात्र मूळ युक्रेनच्याच विद्यापीठाची. ज्यांचं मूळ विद्यापीठ सही द्यायला तयार होतं, त्यांनाच त्या वाटेचा उपयोग.

या सगळ्यावरून माझं मत सांगते. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगते.

तुमच्या लेकीनं अमेरिकेत शिकू नये असं मला अजिबात वाटत नाही. २०२४-२५ मध्ये तिथे ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी होते, कोणत्याही देशापेक्षा जास्त. ते सगळे चुकले असं म्हणायला मी बसलेले नाही. तिथल्या प्रयोगशाळा, तिथले प्राध्यापक, वर्गात हात वर करून चुकीचं बोलायची मुभा, याची किंमत मी जाणते. मला खटकतं ते तिचं चौथं वर्ष. त्या वर्षी ती हातात एकही पदवी नसताना सीमा ओलांडणार आहे, तेही कर्ज काढून. मास्टर्स मध्येच तुटलं तर बीटेक शाबूत असते. चौथं वर्ष मध्येच तुटलं तर बारावीनंतरचं सगळंच लोंबकळतं.

म्हणून माझा कल असा, की तिनं चौथं वर्ष पुण्यात करावं, बीटेक हातात घ्यावी आणि मास्टर्सला मग स्वतःच्या बळावर अर्ज करावा. याची किंमत आहे, ती लपवत नाही. भागीदार विद्यापीठाची फीमधली सवलत जाईल आणि स्वतंत्र मास्टर्सला दीड-दोन वर्षं लागतात, म्हणजे एखादं वर्ष वाढेल. पण त्या बदल्यात दार एकच राहत नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सत्राला १,५०० युरो आहे आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानंही परदेशी मुलांना फी लावली आहे, तेवढे अपवाद बघून घ्यावे लागतात. खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो त्यांच्या पद्धतीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात, म्हणजे बारा-साडेबारा लाख, आणि ते तिच्याच खर्चाला महिन्याच्या महिन्याला परत मिळतात. कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. भाषा मात्र मनापासून शिकावी लागते. नुसत्या इंग्रजीवर वर्ग पार पडतात, नोकरी अडते. पुण्यात असताना मॅक्सम्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चौथ्या वर्षाच्या संध्याकाळी त्यासाठी पुरतील.

लेखी उत्तर चोख आलं, म्हणजे बीटेक पुण्याची, विषयांचा तक्ता सहीनिशी, परत यायची सोय नमूद, एफ-१ पहिल्यापासून, तर मी माझा कल बाजूला ठेवीन आणि 'जाऊ द्या' म्हणेन. पण तेव्हाही राहतं घर तारण ठेवून नाही.

हिशेब करू. चाळीस लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ५४ हजार. शिकत असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही, ते वेगळं चढतं. लेकीला पुण्यात पहिली नोकरी लागली तर हातात पस्तीस-चाळीस हजार येतील. तुमच्या साहेबांचं पेन्शन घरखर्चाला. म्हणजे हे कर्ज फक्त डॉलरच्या पगारातूनच फिटू शकतं आणि डॉलरचा पगार मिळेल की नाही हे तिच्या अभ्यासावर ठरत नाही, कुणाच्या तरी आदेशावर ठरतं. फी डॉलरमध्ये, कर्ज रुपयात. २०२४ च्या सुरुवातीला डॉलर ८३ रुपयांना होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्यानं ९० ओलांडले. ४० हजार डॉलरची फी त्या एवढ्याशा फरकानं २ लाख ८० हजारांनी वाढते. तुमच्या जागा पक्की करायच्या रकमेपेक्षा जास्त.

माझा ठोकताळा असा आहे. मुलीला इथे मिळेल त्या पगारात, इथेच राहून, जेवढं कर्ज ती दहा वर्षांत फेडू शकेल तेवढंच काढायचं. तुमच्या बाबतीत तो आकडा पंधरा लाखांच्या आसपास येतो, त्याचा हप्ता वीस हजार. तेवढ्यात ३+१+१ बसत नाही. जर्मनी बसते. दोन वर्षं नोकरी करून साठवलेले पैसे घालून, एखाद्या विद्यापीठात असिस्टंटशिप मिळवून अमेरिकाही बसू शकते. शिक्षकाच्या पगारातून उभं राहिलेलं घर कसं उभं राहिलेलं असतं, हे मला माहीत आहे. माझे वडीलही प्राथमिक शिक्षक होते.

तुमच्या दिरांचं म्हणणं वाऱ्यावर सोडू नका, पण त्यावर आज निर्णयही घेऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या डीकिन आणि वूलनगाँग विद्यापीठांनी गुजरातच्या गिफ्ट सिटीत वर्ग सुरू केले, साउदम्प्टनचं गुरुग्रामला २०२५ मध्ये सुरू झालं. जून २०२५ मध्ये यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक अशा पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबईसाठी इरादापत्रं दिली गेली. चांगली गोष्ट आहे. पण या शाखा अगदी नव्या आहेत. तिथून मुलं शिकून बाहेर पडली, नोकऱ्यांना लागली, असं बघून ठरवायला दोन-चार वर्षं जाऊ द्यावी लागतील. तुमच्या लेकीचा प्रश्न येत्या ऑगस्टचा आहे.

डॅलसचा भाचा मनापासून बोलतोय. तो गेला तेव्हा त्याचं खरं ठरलं. त्याला एकच विचारा, 'तुझ्या आईनं राहतं घर तारण ठेवलं होतं का?'

आता लेकीबद्दल. तुमच्या पत्रात तिच्याविषयी फक्त चार ओळी आहेत आणि मला सगळ्यात जास्त त्याच लागल्या. अठराव्या वर्षी तिनं हा कोर्स निवडला, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, असं तुम्हीच लिहिलंय. आता मागे फिरावं तर त्या सगळ्या कौतुकाचं काय करायचं, हे तिला कळत नसेल. पुढे जावं तर बाबांचं घर दिसत असेल. एवढं ओझं घेऊन पोरीच्या घशाखाली घास कसा उतरेल? तिला विचारताना 'जायचंय की नाही' असं विचारू नका. 'तिथे जाऊन तुला काय शिकायचंय' असं विचारा. उत्तर विषयाचं आलं, एखाद्या प्राध्यापकाचं, प्रयोगशाळेचं आलं, तर ती इच्छा वर्ष-दोन वर्षं थांबल्यानं मावळत नाही. उत्तर 'सगळे चाललेत' असं आलं, तर तेही तुमच्यासमोर मोकळेपणानं म्हणता आलं म्हणून तिला हलकं वाटेल. आणि हे साहेबांच्या समोर होऊ द्या. ते गप्प आहेत का, याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, पण मला वाटतं ते आहेत.

इन्स्टाग्रामचं. व्हिसाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांत वापरलेल्या सगळ्या खात्यांची नावं द्यावी लागतात. जे खातं होतं ते होतं असंच लिहायचं, बंद केलेलं असलं तरी. एखादं नाव गाळणं हे कुठल्याही जुन्या पोस्टपेक्षा जास्त महागात पडतं. घाबरून रात्रीत सगळं पुसू नये. तिनं काय लिहिलं होतं ते तिला आठवत असेल. एकदा तुमच्याजवळ बसून सांगू दे. वीस वर्षांच्या मुलीच्या खात्यावर सहसा मैत्रिणींचे वाढदिवस आणि गणपतीचे फोटो असतात. आणखी काही असेल, कुठल्या मोर्चाचं, कुठल्या मताचं, तर ते तिचं मत आहे आणि त्याबद्दल तिला घरात तरी लाज वाटू नये.

दोन लाख आत्ता भरू नका. महिनाअखेर जवळ आहे, म्हणून अर्ज उद्याच जाऊ द्या. तिनं स्वतः लिहावा, सही तिची असावी, तुम्ही फक्त सोबत जा. समन्वयक सरांच्या हातात न देता कुलसचिव कार्यालयाच्या आवक खिडकीवर द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मुदत वाढवून देण्याची विनंती त्याच अर्जात शेवटच्या ओळीत करा. उत्तर आलं की नावं झाकून मला त्याची प्रत पाठवा. विषयांचा तक्ता जोडलेला असेल तर तोही. पेन्सिल घेऊन मी तो एकेक विषय ताडून बघेन.